सेकंड शिफ्ट बंद झाली, आता गावाने काय करायचं?

पुणे–नगर रस्त्यालगतच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देतो.

"दादा, एमआयडीसीच्या फाट्यावर माझी खानावळ आहे, वरच्या चार खोल्या भाड्याने दिल्यात. मिस्टर समोरच्याच कंपनीत मशीन शॉपला सतरा वर्षांपासून पर्मनंट आहेत. गाड्यांचे पार्ट बनतात. ११० पर्मनंट आणि ठेकेदाराची पोरं दीडशेच्या आसपास. दिवाळीपासून सेकंड शिफ्ट बंद आहे. माझ्याकडे रात्री साठ ताटं लागायची, आता बावीस-तेवीस लागतात. दोन खोल्या रिकाम्या झाल्या. माल नेणाऱ्या टेम्पोवाल्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय. मागच्या महिन्यात रात्री ट्रक लावून काहीतरी जड सामान बाहेर काढलं. दुरुस्तीला गेलंय म्हणाले, ते अजून परत आलेलं नाही. मोठे मालक आजारी असतात, मुलगा परदेशात. परवा दोन माणसं टेप घेऊन कंपाउंड मोजत होती. मिस्टर म्हणतात, तू तोंड बंद ठेव, बोभाटा झाला तर आधी माझंच काम जाईल. पण आमच्या बचत गटात चौदा जणी आहेत, त्यातल्या नऊ जणींची घरं याच कंपनीवर चालतात. खानावळीला शेड वाढवायला मी तीन लाखांचं कर्ज मंजूर करून घेतलंय, अजून उचललं नाही. कंपनी बंद पडणार का? पडणार असेल तर आम्ही काय करावं? गेटवर मोर्चा न्यावा का?"

ताई,

आधी कर्जाचं सांगतो, कारण ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे. कर्ज उचलू नका. मंजुरी किती दिवस चालेल ते बँकेत विचारा, हवं तर मुदत वाढवून मागा. शेड तीन महिने उशिरा झाली म्हणून काही बिघडत नाही. साठ ताटांच्या भरवशावर शेड बांधायची आणि बावीस ताटांतून हप्ता फेडायचा, यात घर बुडतं. बचत गटातल्या त्या नऊ जणींनाही सांगा, सध्या घरातल्या कुणाच्या नावावर नवी गाडी, नवा हप्ता नको.

आता मुख्य प्रश्न. कंपनी बंद पडणारच, असं तुमच्या पत्रावरून मी म्हणणार नाही. पण तुम्ही जे टिपलंय ते कुठल्याही पेपरात यायच्या खूप आधी टिपलंय, आणि मला त्याचंच मोल वाटतं. का, ते सांगतो.

मी बावीस वर्षं एका प्रेस शॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. कंपनी बंद झाली त्या सकाळी गेटवरची नोटीस वाचायला सगळ्यांबरोबर मीही मान उंच करून उभा होतो. रात्री झोप येईना. पडल्या पडल्या एकेक आठवायला लागलं. आमच्याकडे हायड्रॉलिक ऑइल २१० लिटरच्या बॅरलने यायचं, एका वेळी चार बॅरल. मग दोन यायला लागले, मग एक. शेवटी शेवटी वीस लिटरचे डबे यायचे, तेही परचेसचा माणूस मोटरसायकलवर पायांत धरून आणायचा, कारण दुकानदार उधार देईना. प्रत्येक डब्याची नोंद माझ्या अक्षरात बिन कार्डवर, म्हणजे स्टोअरमधल्या मालाच्या नोंदीच्या कार्डवर, होती. मी वर्षभर त्या नोंदी करत होतो आणि मला त्यातून काहीच दिसलं नाही. त्याच दिवसांत टेम्पोवाला टपरीवर थकलेल्या बिलांबद्दल कुरकुरत होता. टूलरूममधले दोन उत्तम फिटर दुसरीकडे गेले होते. अकाउंट्समधल्या पोराने घराचं बुकिंग रद्द केलं होतं. प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं, पण आम्ही एका जागी बसून ते एकमेकांना कधी सांगितलं नाही. पुढे बरीच वर्षं मी कामगारांचे हिशेब, फंड (पीएफ), ग्रॅच्युइटीचे दावे भरून देण्याचं काम केलं. तिथे भेटलेल्या प्रत्येक माणसाने मला आपल्या कंपनीची हीच गोष्ट सांगितली.

म्हणून तुमच्या खुणांकडे एकेक करून बघू.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या रात्रीच्या ट्रकची वाटते. मिस्टरांना एकच प्रश्न विचारा: मशीन गेलं की डाय (मशीनमध्ये बसवून पार्टला आकार देणारे ठोकळे) गेल्या? गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस, लेथ, सीएनसी ही मशीनं मालकाची असतात, पण डाय, साचे आणि पार्ट पकडून ठेवणारे फिक्श्चर बऱ्याचदा गिऱ्हाईक कंपनीच्या मालकीचे असतात. त्यांनीच पैसे देऊन करून घेतलेले असतात आणि त्यावर त्यांचा नंबर ठोकलेला असतो. मशीन खरंच दुरुस्तीला जाऊ शकतं. ते विकलं गेलं असेल तरी जुनं देऊन नवं आणायचा बेत असू शकतो. पण गिऱ्हाइकाने डाय परत नेल्या असतील, तर तो पार्ट आता दुसऱ्या व्हेंडरकडे, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्या दुसऱ्या कारखान्यात, बनणार. तसं असेल तर सेकंड शिफ्ट आपोआप परत लागणार नाही.

टेम्पोवाल्याचं थकलेलं भाडं ही दुसरी मोठी खूण. कंपनीकडे पैसा कमी पडायला लागला की आधी टेम्पोवाला, कँटीनवाला, छोटा जॉबवर्कवाला असे लहान लोक थांबवले जातात. पगार सगळ्यांत शेवटी थकतो. त्याच्या थोडं आधी फंड थकतो, आणि ते कुणाला दिसत नाही. ते कसं बघायचं ते खाली सांगतो.

टेप घेऊन मोजणाऱ्या माणसांना मात्र मी लगेच वाईट खूण म्हणणार नाही. बँकेच्या कर्जाची मर्यादा नव्याने ठरवायची असते तेव्हा जागेची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर येतो आणि असंच मोजतो. छतावर सोलर बसवायचं असलं तरी मोजणी होते. घेणारा कुणी आला असेल तर तो कारखाना चालवायला घेतोय की नुसती जागा घेतोय, यावर सगळं अवलंबून आहे. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्यावर असते आणि प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करायला महामंडळाची परवानगी लागते. असा अर्ज आलाय का, हे प्रादेशिक कार्यालयात विचारता येतं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि सेकंड शिफ्ट बंद होणं म्हणजे कंपनी बंद होणं नव्हे, हेही मनात पक्कं ठेवा. २०१९ च्या मंदीत पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कितीतरी कारखान्यांनी 'नो प्रॉडक्शन डे' घेतले होते, ठेकेदारांची हजारो पोरं गावी गेली होती. त्यातले कितीतरी कारखाने आज जोरात चालू आहेत. गाडीचं मॉडेल बदलताना, गिऱ्हाइकाच्या गोदामात माल साचलेला असताना शिफ्ट बंद होतेच. एका खुणेवरून काही ठरत नाही. चार-पाच खुणा एकाच दिशेने बोट दाखवायला लागल्या की मग बसून राहायचं नाही.

मग करायचं काय? मिस्टर म्हणतात ते खोटं नाही, ताई. बोभाटा झाला तर खरंच नुकसान होतं. 'कंपनी बंद पडतेय' असा एक मेसेज गावच्या ग्रुपवर फिरला की स्टीलवाला रोख मागतो, बँक सावध होते, आणि ज्यांना दुसरीकडे काम मिळू शकतं ते हुशार ऑपरेटर आधी निघून जातात. जी कंपनी तगली असती तीही अशाने बसते. पण गप्प राहिलात तर तुम्हाला माझ्यासारखं गेटवरच कळेल. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. ती पाच-सहा विश्वासू माणसांची, गाजावाजा न करता जायची वाट आहे.

तुम्ही स्वतः कामगार नाही, म्हणून कंपनी तुम्हाला कामावरून काढू शकत नाही. मिस्टरांना पुढे करू नका, तुम्ही पुढे व्हा. तुमच्याबरोबर तो टेम्पोवाला घ्या. त्या कंपनीतून निवृत्त झालेला एखादा जुना माणूस घ्या, सुपरवायझर असला तर उत्तम. सरपंच किंवा समजूतदार असा एखादा पंचायत सदस्य घ्या. तालुक्याच्या गावी ओळखीचा सीए किंवा बँकेतून निवृत्त झालेला कुणी असेल तर त्याला गळ घाला, कारण ताळेबंद वाचणारा माणूस लागतोच. संघटना असेल तर तिचा एक जाणता प्रतिनिधी. बस्स. व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. तुमच्याच खानावळीत दुपारी तीन वाजता, गर्दी नसताना बसा.

पहिल्या बैठकीला तुमची उधारीची वही काढा. ती साधीसुधी वही नाही. गेल्या दीड वर्षात दर महिन्याला किती ताटं लागली, रात्रीची किती, दिवसाची किती, ते एका कागदावर उतरवा. टेम्पोवाल्याकडून दर महिन्याच्या खेपा घ्या आणि कुठल्या गिऱ्हाइकाकडे किती खेपा जायच्या ते वेगवेगळं लिहा. एका गिऱ्हाइकाच्या खेपा शून्यावर आल्या असतील तर कारण सापडलंच म्हणायचं. पंचायतीचा कर थकलाय का, ते ग्रामसेवकाला माहीत असतं. कंपनीने महावितरणकडे वीजमागणी कमी करून घेतली असेल तर ते मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक असतं. मागणी कमी करून घेणारा मालक जुनं काम परत येईल असं धरून चाललेला नसतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून तिचे दाखल केलेले ताळेबंद कुणालाही बघता येतात. कुठल्या बँकेचा बोजा आहे ती यादी फुकट दिसते. तुमच्या सीएला हे तासाभराचं काम आहे. एक पथ्य मात्र कडक पाळा: कामगारांना आतून कागद, ड्रॉइंग, फोटो आणायला सांगू नका. तुम्हाला जे हवंय ते गेटच्या बाहेर मिळतं, आणि आतून चोरलेल्या एका कागदापायी कुणा गरिबाची नोकरी जाईल.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्गच्या आसपास पोलादाचे कारखाने धडाधड बंद झाले, तेव्हा १९८६ मध्ये तिथल्या गावांनी आणि शहराने मिळून 'स्टील व्हॅली ऑथॉरिटी' नावाची संस्था उभी केली. पुढे १९९३ पासून तिने धोक्याच्या खुणा आधी ओळखण्याचं कामच चालवलं. खुणा दिसल्या की गुपचूप त्या कारखान्यात जायचं, मालकाशी आणि संघटनेशी बोलायचं, पैशाचा, गिऱ्हाइकाचा, वारसाचा जो प्रश्न असेल त्याचा जाणकार आणून बसवायचा. आपल्याकडे तालुका पातळीवर अशी व्यवस्था असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ती होईल तेव्हा होईल. तुमच्या पाच-सहा जणांना तोवर थांबता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कारखाना का अडचणीत आहे हे कळल्याशिवाय काही करू नका, कारण कारण बदललं की उपाय बदलतो.

तुमच्या पत्रावरून माझा संशय वारसाकडे जातो. मोठे मालक आजारी, मुलगा परदेशात. अशा घरात कारखाना कधीकधी तोट्यात नसतानाच मरतो. कुणी नवी ऑर्डर मागायला जात नाही, नवं मशीन घेत नाही, गिऱ्हाइकाचा फोन उचलायला कुणी नसतं. मग गिऱ्हाईक आपलं काम हलवतं. असं असेल तर मोठ्या मालकांना भेटा. चौघंच जा, हात जोडून जा, आणि 'बंद करणार का' असं विचारू नका. 'साहेब, सेकंड शिफ्ट परत लागावी म्हणून आम्ही आलोय, आमच्याने काय होईल ते सांगा', असं म्हणा. मग हळूच हे पुढे ठेवा: चालवायचं नसेल तर चालू स्थितीत द्या. चालू कारखान्याला गिऱ्हाईक असतं, कुशल माणसं असतात, वीज जोडलेली असते. सहा महिने कुलूप लागलं की मशीनवर गंज चढतो, माणसं पांगतात, गिऱ्हाइकं दुसरीकडे रुळतात, आणि मग भंगाराच्या भावाने विकायची वेळ येते. ही गोष्ट मालकाच्याही फायद्याची आहे आणि ती त्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवी. घेणारा म्हणजे त्याच एमआयडीसीतला दुसरा व्हेंडर असू शकतो, त्यांचाच जुना वर्क्स मॅनेजर असू शकतो.

कामगारांनी स्वतः चालवायला घ्यावा का, असंही कुणीतरी बैठकीत विचारेल. आपल्याकडे त्याचं मोठं उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचं आहे. १९८५ मध्ये ती बंद पडली. संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने ती चालवण्याच्या योजनेला मंजुरी मिळाली. कामगारांनी ती चालवून दाखवली, याचा मला आजही अभिमान वाटतो. पण नव्वदच्या दशकात ती पुन्हा अडचणीत आली, हेही सांगायला हवं. जिद्द होती, पण खेळतं भांडवल आणि गिऱ्हाईक यांच्याशिवाय जिद्द किती पुरणार? ही वाट बंद नाही, पण कुलूप लागल्यानंतर ती फार चढाची होते.

कारण कर्ज असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. हप्ता किंवा व्याज ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि मग बँकेची भाषा बदलते. त्याच्या आत मालकाला बँकेकडे स्वतःहून जाता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २५ कोटींपर्यंतचं कर्ज असलेल्या सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठी प्रत्येक बँकेत अडचणीतल्या खात्यांची समिती असते. हप्ते पुन्हा बांधून देणं, वाढीव भांडवल देणं हे ती ठरवू शकते. लहान मालकांना अनेकदा हे ठाऊकच नसतं, किंवा बँकेत गेलो तर अब्रू जाईल म्हणून ते जात नाहीत. तुमच्या बैठकीतला तो निवृत्त बँकवाला इथे खरा कामाला येईल.

कारण मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले असं असेल, तर कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला व्हेंडर घाबरतो, हे मला माहीत आहे. तरी त्यांच्या कानावर घाला. आणि गिऱ्हाईकच इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळतंय का तेही बघा. सायलेन्सर, पिस्टन, इंजिनाचे व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक गाडीत लागत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, सीटचे सांगाडे लागतात. मिस्टरांच्या मशीनवर नेमकं काय बनतं?

ताई, एक गोष्ट बोलायला जड आहे, पण बोलतो. कधीकधी कारण आपल्या गावातच असतं. भंगाराचा ठेका मलाच हवा, टेम्पो माझाच लावा, माझी दहा पोरं कामाला घ्या, नाहीतर गेट अडवतो. ही दादागिरी आपल्या पट्ट्यात किती वाढली आहे ते तुम्ही रोज बघता. लहान मालक याने इतका पिचतो की मुलाला 'तू तिकडेच रहा, इथे येऊ नकोस' म्हणतो. मालक भेटले आणि हे बोलले, तर तुमच्या सरपंचांनी मान खाली घालून ऐकायला हवं आणि ते थांबवण्याचा शब्द द्यायला हवा. गावाला खरोखर देता येईल असं हेच सगळ्यात मोठं काही आहे. रस्ता, पाणी, वीज यांसारखा अडथळा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्र समिती त्यासाठीच असते. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज देऊन विषय तिथे नेता येतो.

'आधीच कशाला, नोटीस आली की बघू' असं तुम्हाला कुणीतरी म्हणेल. त्याला तळेगावचं उदाहरण सांगा. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये जाहीर केलं की भारतात गाड्या विकणं बंद करणार. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. मधे साडेतीन वर्षं होती. त्या जागेचा ह्युंदाईशी करार व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. एवढी मोठी जागतिक कंपनी एखाद्या गावाच्या विनवणीने थांबली असती असं मी म्हणत नाही. पण ती साडेतीन वर्षं आसपासच्या प्रत्येक खानावळीला, प्रत्येक छोट्या व्हेंडरला दुसरं गिऱ्हाईक शोधायला मिळाली होती.

तुमच्याकडे एवढा वेळ मिळेलच असं नाही. जुन्या कायद्यात १०० किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि ती मर्यादा ३०० वर गेली. ११० पर्मनंट धरले तर तुमच्या कंपनीला परवानगीची गरज नाही, फक्त ६० दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागेल. साठ दिवसांत गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, नवा मालक सापडत नाही. म्हणून मी आत्ताच हलायला सांगतोय.

मोर्चाचं विचारलंत. आत्ता नको. आज कंपनीने टेम्पोवाल्याचं भाडं थकवलंय, पण कुणाचं काही बुडवलेलं नाही आणि मोर्चाने बोभाटा तेवढा होईल. नोटीस लागली, देणी दिली नाहीत आणि मशीनं बाहेर जायला लागली, तर मात्र थांबू नका. त्या दिवशी संघटनेने कामगार उपायुक्तांकडे आणि वकिलाकडे जायचं, आणि गाव गेटवर उभं राहिलं तर मी तुमच्याबरोबर असेन.

कारखान्यासाठी हे सगळं करताना घरचे कागद विसरू नका. मिस्टरांच्या फंडाचं पासबुक उमंग ॲपवर उघडा. प्रत्येक महिन्याचा फंड पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवा. पगाराच्या चिठ्ठीत कापलाय आणि पासबुकात नाही, असं दोन महिने दिसलं, तर सगळ्या खुणांत तिला पहिला मान द्या आणि फंड कार्यालयात तक्रार करा. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचंही तसंच बघा. नेमणूक पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरी कार्ड यांच्या झेरॉक्स काढून घरी ठेवा. ठेकेदाराच्या पोरांना तर हे आवर्जून सांगा, कारण त्यांच्याकडे काम केल्याचा कागदच नसतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीची जबाबदारी येते, पण तिथे काम करत होतो हे आधी दाखवावं लागतं.

कंपनी बंदच झाली तर मिस्टरांचं काय काय निघतं तेही आज मांडून ठेवा. बेसिक आणि डीए मिळून १८ हजार धरले, तर सतरा वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख ७६ हजार होते. बंद करताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मिळते, ती यापेक्षा वेगळी. तोटा झाला, माल पडून राहिला, एवढ्या कारणावर ती भरपाई कमी करता येत नाही. फंड वेगळा. ईएसआय असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काम गेल्यावर रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून चालू आहे का ते शाखेत विचारून घ्या. आणि एक गोष्ट मिस्टरांना चार वेळा सांगा: कुणी केबिनमध्ये बोलावून 'यावर सही करा, हिशेब लगेच देतो' म्हणालं, तर कागद घरी आणायचा. तो राजीनामा असतो. राजीनामा दिला की कंपनी बंद झाल्याची भरपाई मागता येत नाही. आमच्या प्रेस शॉपमधल्या एका माणसाने अशी सही केली होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब त्याने पंचवीस मिनिटांत संपवला, आणि नंतर कुठल्याच दारात त्याचं काही चाललं नाही.

प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं तर जाहीर सूचना निघते आणि दावे भरायला फार थोडे दिवस मिळतात. तेव्हा हे जमवलेले कागदच कामाला येतील.

खानावळीचं शेवटी. बावीस ताटांवर चूल चालू ठेवा, बंद करू नका. पण उधारी पंधरा दिवसांच्या वर जाऊ देऊ नका, ओळखीच्या पोरांचीही नाही. पगार थकला की त्यांनाच फेडता येणार नाही आणि लाजेने ती पोरं जेवायलाच यायची बंद होतील. रिकाम्या खोल्यांची पाटी फाट्यावर न लावता दुसऱ्या कंपन्यांच्या सिक्युरिटीवाल्यांना आणि ठेकेदारांना सांगा. रात्रीच्या ताटांऐवजी एमआयडीसीच्या दुसऱ्या टोकाला दुपारचे डबे देता येतील का ते बघा. तो टेम्पोवाला रिकामा बसलाच आहे. दहा डब्यांनी सुरुवात झाली तरी चालेल.

या आठवड्यात मिस्टरांना डायचं विचारा, वहीतून ताटांचा आकडा काढा, आणि १५ तारीख उलटली की पासबुक बघा. तिन्हीची उत्तरं मला कळवा. तोवर मालकांकडे जायची घाई करू नका. जायच्या आधी काय बोलायचं ते आपण फोनवर ठरवू.